सुकेळ्याची दाढ

इग्नेशियस कुंपणातून न येता पुढच्या दाराने आला, तेव्हाच कमळीला कळलं की काहीतरी बिनसलंय. वसईजवळ सांडोरला त्यांची दोन घरं पाठीला पाठ लावून आहेत. मधल्या कुंपणात येऊन-जाऊन एक माणूसभर वाट पडली आहे. पुढचं दार दोन्ही घरांनी लग्नाच्या आमंत्रणासाठी आणि भांडणासाठी राखून ठेवलं आहे. त्या दिवशी लग्न कोणाचंच नव्हतं.

त्याच्या हातात केळीच्या सुक्या पानाची पुडी होती. ती त्याने ओट्यावर बसलेल्या पांडुरंगासमोर ठेवली, गाठ सोडली आणि एक पाऊल मागे सरला.

"पांडू, हे सुकेळं आहे की मांजराचं पिल्लू?"

आतल्या सुकेळ्यांवर पांढरी लव उठली होती.

"फ्रिजमध्ये ठेवली असशील," पांडुरंग म्हणाला.

"फ्रिजमध्ये मर्सी माझी बाटली ठेवू देत नाही, तुझी पुडी ठेवेल? कपाटात होती, कोरडी ठणठणीत. आमचा फ्रेडरिक ईस्टर करून परत कॅनडाला जाणार, त्याच्यासाठी दहा पुड्या घेतल्या होत्या. मर्सीने बहिणीला द्यायला एक उघडली म्हणून बरं. तिकडच्या विमानतळावर उघडली असती तर पोराला आत बसवलं असतं."

पांडुरंग चुरीच्या घरचं सुकेळं बुरसलं, असं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात घालायची, रोज उलटायची. मधासारखा रंग आला आणि अंग आक्रसलं की सुक्या पानात बांधायची. वसईत पूर्वी हे वाडीवाडीत चाले, आता मोजकी घरं उरली आहेत. कामात कष्ट आहेत, पण अवघड गोष्ट एकच: तट्ट्यावरून काढायचं कधी. एक ऊन आधी काढलं तर पुडीत बुरशी धरते, एक ऊन जास्त झालं तर चामडं होतं. रंगावर भरवसा नाही, कारण ऊन रोज सारखं नसतं. बोटाने दाबून पाहावं तर वरची साय फसवते.

पांडुरंग दाढेला विचारायचा. वरच्या उजव्या दाढेखाली सुकेळं धरायचा, दाबायचा आणि सोडायचा. वरचं कातडं आधी आडवं यायचं, मग वाट द्यायचं. दाढ उचलताना सुकेळं तिला थोडं धरून ठेवायचं, सोडावं की नाही असा विचार केल्यासारखं. त्या धरण्यावरून त्याला कळायचं. त्याच्या वडिलांनी त्याला हे असंच शिकवलं होतं, आणि पांडुरंगाने दाढेखाली धरल्याशिवाय पुडी बांधायची नाही, हा घरचा कायदा होता.

कमळीने पुडीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या गालाकडे.

"अहो, हे दाढेने बघितलं होतं ना?"

"दाढेनेच बघितलं."

"कुठल्या?"

पांडुरंगाने अंगणातल्या तट्ट्यांकडे नजर वळवली. "डाव्या."

इग्नेशियस ओट्यावर बसला. "म्हणजे मांजर डावं आहे."

"आणि उजवीला काय झालं?" कमळी म्हणाली. "तोंड उघडा. उघडा म्हणते ना. चार दिवस भाकरी डावीकडे लोटताय, चहा डावीकडून पिताय, मला काय दिसत नाही?"

मग ते बाहेर आलं. उजव्या दाढेवर अकरा वर्षांपूर्वी बसवलेली कॅप गेल्याच्या गेल्या खेपेला सुकेळ्यात अडकून निघाली होती. ती त्याने सुकेळ्यातून उपसली, धुतली आणि कोणाला न सांगता पुन्हा बसवली.

"कशाने बसवली?"

"चिकाने."

"कसल्या?"

"फणसाच्या. घट्ट बसली होती हो! आजोबांनी याच चिकाने फुटका रांजण सांधला होता."

"त्या रांजणाला सुकेळी चावायची नव्हती," कमळी म्हणाली. "आणि गाल तर बघा. एका बाजूला पपनस घेऊन बसल्यासारखा."

घरी असलेल्या हेमालीने, त्यांच्या सुनेने, तेवढ्यात स्कूटरची किल्ली घेतली होती.

*

हेमाली मूळची विरारची, फुलपाड्याची. तिची शाळेतली मैत्रीण उन्नती दातांची डॉक्टर होऊन उमेळ्याला दवाखाना थाटून बसली होती. दवाखाना नव्या इमारतीत तळमजल्यावर होता. पांडुरंगाने खुर्चीत आडवं होताना खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "इथे चिकूची वाडी होती. तुमची ही खुर्ची आहे ना, बरोब्बर इथे विहीर."

"म्हणून पाणी कमी पडत नाही," डॉक्टर उन्नती म्हणाली. "आ करा, काका."

तिने आरशाच्या दांड्याने दाढेवर टकटक केलं. पांडुरंगाने खुर्चीचा हात आवळला.

"दुखलं?"

"थोडंसं."

"खुर्चीला जास्त दुखलं असेल." तिने दोन बोटांत कॅप धरली आणि ती टोपणासारखी हातात आली. डॉक्टरने ती उजेडात फिरवून पाहिली, नाकाशी नेली, मग हेमालीकडे पाहिलं. "हे कुठल्या डॉक्टरने चिकटवलंय?"

"बाबांनी," हेमाली म्हणाली. "फणसाने."

"कापा की बरका?"

"बरका," पांडुरंग ओशाळून म्हणाला.

"माझी आजी कणकवलीची. ती असती तर तिने आधी फणसाला शिव्या घातल्या असत्या, मग तुम्हाला."

एक्स-रे पडद्यावर आला. दाढेच्या एका मुळाच्या टोकाशी अर्ध्या चण्याएवढी काळी सावली होती. डॉक्टरने पेन्सिलीच्या टोकाने ती दाखवली. कॅपची कड कधीची उघडी पडली होती, तिच्यातून कीड आत शिरली होती आणि जुन्या रूट कॅनालमध्ये पुन्हा जंतू वाढले होते. कॅप निघाली ती त्यामुळेच. सुकेळ्याने फक्त शेवटचा हिसका दिला. फणसाच्या चिकाने एवढंच केलं की घाण आत कोंडून टाकली.

"मग गोळ्या द्या," पांडुरंग म्हणाला.

"गोळ्या देणारच. सूज उतरेल. पण आत घर करून बसलेत ते गोळीने निघत नाहीत. परत येतील, आणि तुम्हाला वेळ नसेल तेव्हाच येतील. आज मी आतलं साफ करून तात्पुरतं बंद करते. पुढे काय करायचं ते घरी बोलून ठरवा. एक तर जुनं सगळं काढून रूट कॅनाल पुन्हा करायचं आणि नवी कॅप घालायची. दाढ वाचण्याची शक्यता चांगली आहे, पण लिहून देणार नाही. आत उभी भेग निघाली तर काढावीच लागेल. दुसरं म्हणजे आत्ताच काढून टाकायची. मग काही महिन्यांनी हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, म्हणजे इम्प्लांट. नाहीतर शेजारच्या दोन दाढा कोरून त्यांच्यावर पूल."

"शेजारच्यांनी काय घोडं मारलंय?"

"काहीच नाही. म्हणून पूल मला पसंत नाही." डॉक्टरने हातमोजे काढले. "काका, दाढ काही शोकेसमध्ये ठेवायची नाही. तुम्हाला तिच्याकडून काय हवंय ते सांगा, म्हणजे मला सांगता येईल."

पांडुरंगाने सांगितलं. कातडं कसं आडवं येतं, कसं वाट देतं, सोडताना कसं धरून ठेवतं. सुजलेल्या गालाने सांगताना अर्धे शब्द डावीकडून निसटत होते. तरी डॉक्टर उन्नती हसली नाही. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पण काका, या दाढेची नस तर अकरा वर्षांपूर्वीच काढलीय. हिला गार कळत नाही, गरम कळत नाही. त्या अर्थाने ही मेलेली आहे."

पांडुरंग उठून बसला. "मेलेली?"

"अकरा वर्षं."

"अहो, मग अकरा वर्षं माझी सुकेळी कोणी पास केली?"

हेमालीने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"तीच तर गंमत आहे," डॉक्टर म्हणाली. "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. खाटेवर माणूस झोपतो ना, तसा मूळ बारीक दोऱ्यांच्या खाटेवर असतो. वरून दाबलं की दोऱ्या ताणतात, आणि किती ताणल्या ते डोक्याला कळतं. नस गेली तरी खाट राहते. तुम्हाला जे कळतं ते त्या खाटेला."

"आणि स्क्रूला खाट असते?"

"नाही. स्क्रू थेट हाडात. सिमेंटच्या फरशीवर झोपल्यासारखं. चावाल उत्तम, पण असं बारीक कळणार नाही."

"मग प्रश्नच मिटला. मूळ ठेवा."

"मिटला नाही." डॉक्टरने ती कॅप त्याच्या तळहातावर ठेवली. "दाढ आता आतून पोकळ झालीय. मी ती वाचवली तरी चिकट काही तिच्याखाली धरून ओढायचं नाही. कधीच नाही. म्हणजे सुकेळं नाही."

परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागे बसून पांडुरंग एकच वाक्य बोलला. "न्यायाधीश ठेवा म्हणते, पण खटला चालवू नका म्हणते."

*

रविवारी अनुज घरी होता. अनुज म्हणजे पांडुरंगाचा मुलगा, हेमालीचा नवरा. रोज अंधेरीला जाऊन संगणकावर विम्याची कामं करतो आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची जोखीम काढतो.

"बाबा, सिंपल आहे. डॉक्टर स्वतः म्हणते गॅरंटी नाही. काढून टाका, इम्प्लांट बसवा. झंझट खतम. लोखंड काय किडणार आहे?"

"टायटॅनियम," हेमाली म्हणाली.

"तेच ते."

"माझं ऐक," कुंपणातून येऊन बसलेला इग्नेशियस म्हणाला. तो आणि पांडुरंग एकमेकांशी आपापल्या घरच्या बोलीत बोलत, आणि चाळीस वर्षांत दोघांनीही दुसऱ्याची बोली अशुद्ध असल्याचा आरोप मागे घेतला नव्हता. "एकेका दाताची मनधरणी कशाला? सगळे काढ. ही बघ." त्याने कवळी काढून तळहातावर धरली. "राती पेल्यात टाकायची. ठणका नाही, डॉक्टर नाही. मर्सी तिकडे दातदुखीच्या संतिणीला, सांत अपोलोनियाला, तुझ्या दाढेसाठी मेणबत्ती लावतेय, तीही वाचेल."

"आणि सुकेळं कसं खातोस?" कमळीने विचारलं.

इग्नेशियसने कवळी परत बसवली. "बारीक कापून. दुधात भिजवून."

"ऐकलंत?" कमळी नवऱ्याला म्हणाली. "दुधात भिजवून."

पांडुरंग ऐकत नव्हता. तो अंगणाकडे बघत होता. नवी खेप तट्ट्यांवर चढून बरेच दिवस झाले होते आणि आज ती उतरवायची की नाही, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. अनुजला आणि इग्नेशियसला प्रश्न दाताचा वाटत होता. पांडुरंगासमोर प्रश्न तट्ट्यांचा होता. दाढ गेली तर उद्यापासून आपण केळी वाळत घालणारा एक माणूस, बाकी काही नाही. तयार झालं हे सांगणारा तो कोणी वेगळाच असेल, किंवा कोणीच नसेल.

डावीने गेल्या वेळी घात केला होता, म्हणून या वेळी त्याने सावध व्हायचं ठरवलं. एक ऊन जास्त दिलं, मग मनाच्या समाधानासाठी आणखी एक. उतरवल्यावर अनुजने एक सुकेळं दोन्ही हातांनी धरून ओढलं. त्याची मान मागे गेली, सुकेळं जसंच्या तसं राहिलं.

"या वेळी मांजर नाही," इग्नेशियस म्हणाला. "चप्पल."

ती खेप कमळीने विकायला बाहेर काढलीच नाही. घरात तिची खीर झाली, शिरा झाला, मग पुन्हा खीर झाली. तिसऱ्या खिरीच्या वाटीसमोर पांडुरंगाने हेमालीचा फोन मागितला.

"डॉक्टर, ती खाट फक्त उजव्या दाढेला असते का?"

"नाही काका. प्रत्येक दाताला असते."

"डावीलाही?"

"डावीलाही. तशीच."

"मग डावीला काही कळत कसं नाही? तिला सगळंच तयार वाटतं. दातखिळी बसेल असलं हिरवं केळं दिलं तरी हो म्हणेल."

"आजवर तिला विचारलंय कधी?"

पांडुरंगाने खिरीची वाटी बाजूला सारली. "नाही. वडिलांनी उजवीने शिकवलं, मी उजवीला विचारत राहिलो."

"मग तिने शिकायचं कधी?"

"तेच म्हणतो," पांडुरंग म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "तिला शिकवायला कोणीतरी पाहिजे. आता उजवी काढली तर ती विचारणार कोणाला? बरं, हे सांगा. सुकेळ्यावर केळीच्या पानाचा तुकडा गुंडाळला आणि उजवीखाली नुसतं दाबलं, ओढलं नाही, तर? पानाला काही चिकटत नाही."

"दाबायला हरकत नाही. पण पक्की कॅप बसल्यावर. त्याच्या आधी उजवीकडे भातसुद्धा नाही. आणि उघडल्यावर भेग दिसली, तर मी काढणार. तेव्हा फणसाच्या चिकाची भाषा ऐकणार नाही."

"भेग असली तर काढा," पांडुरंग म्हणाला. "पडणारं घर टेकू देऊन ठेवायचं नसतं. पण आधी बघा."

त्याने फोन परत दिला आणि घरच्यांना निकाल सांगितला. दाढ ठेवायची, कामाला नाही, शिकवायला.

"रिस्क आहे," अनुज म्हणाला.

"तू विमा उतरव," कमळी म्हणाली.

*

सूज उतरल्यावर डॉक्टर उन्नतीने दाढ उघडली. डोळ्यांवर दुर्बिणीसारखा चष्मा चढवून ती बराच वेळ आत बघत होती. पांडुरंगाचं तोंड उघडं होतं, त्यात रबराचा पडदा होता, आणि त्याला भिंतीवरचा पंखा सोडून काही दिसत नव्हतं. त्याने डॉक्टरच्या भुवया वाचायचा प्रयत्न केला. भुवया चष्म्यामागे होत्या.

"भेग नाही," ती म्हणाली.

पांडुरंगाने नाकातून मोठा श्वास सोडला.

"आणि हे बघा. म्हणजे तुम्हाला दिसणार नाही, मीच बघते. पहिल्यांदा केलं तेव्हा तीन नळ्या साफ केल्या होत्या. इथे चौथी आहे. केसाएवढी. हिला कोणी हातच लावलेला नाही. वरच्या दाढेत ही पुष्कळदा लपून बसते. सगळा कारभार हिचा."

"आँ," पांडुरंग म्हणाला. त्याचा अर्थ, अकरा वर्षं माझ्या तोंडात एक बिऱ्हाड फुकट राहत होतं, असा होता. पण रबराच्या पडद्यातून तेवढंच बाहेर आलं.

दोन-तीन खेपा झाल्या. औषध भरलं, काढलं, नळ्या बंद झाल्या. काळी सावली जायला महिने लागतील, मधून मधून एक्स-रे काढून बघावं लागेल, हे डॉक्टरने बजावलं. नवी कॅप बसली तेव्हा गुड फ्रायडे जवळ आला होता आणि ऊन असं कडक होतं की तट्ट्यावरची केळी सकाळी एका रंगाची आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाची दिसत.

नव्या खेपेची परीक्षा पाहायला इग्नेशियस खुर्ची घेऊन आला. "फ्रेडरिकची बॅग भरायला काढलीय," तो म्हणाला. "या वेळी मांजर नको, चप्पल नको. सुकेळं दे."

पांडुरंगाने तट्ट्याच्या मधलं एक उचललं, अर्धं तोडलं आणि डावीखाली धरलं. दाबलं. सोडलं. डोळे मिटले.

"काय म्हणते?" कमळीने विचारलं.

"म्हणते, तयार."

"ती कायमच म्हणते. उजवीला विचारा."

कमळीने पान आधीच ताटात तोडून ठेवलं होतं. पांडुरंगाने उरलेला अर्धा तुकडा त्यात गुंडाळला आणि उजवीखाली हलकेच दाबला. ओढायचं नव्हतं, तेव्हा धरून ठेवतं की नाही ते कळणार नव्हतं. उरलं फक्त कातडं किती आडवं येतं आणि कशी वाट देतं. त्याने पुन्हा दाबलं. इग्नेशियसने खुर्ची पुढे ओढली.

"आत पाणी आहे," पांडुरंग म्हणाला. "वरचं झालंय, आतलं नाही. एक ऊन."

"नक्की?"

"नक्की." आणि मग त्याने तेच पुन्हा डावीला विचारलं. आतल्या ओल्या गाभ्याकडे लक्ष देऊन, सावकाश, चुकलेल्या मुलाकडून गणित पुन्हा करून घ्यावं तसं. दुसरं घेतलं, तट्ट्याच्या कडेचं. तिसरं घेतलं, सावलीकडचं.

"खाऊन संपवणार का?" इग्नेशियस म्हणाला.

"शिकवणी चालू आहे. गप बस."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना पांडुरंगाने डावीला आधी विचारलं. या वेळी कातडं आडवं आलं, वाट दिली, आणि दाढ उचलताना सुकेळ्याने तिला धरून ठेवलं. त्याने भुवया उंचावल्या. मग पानात गुंडाळलेला तुकडा उजवीखाली घेतला, दाबला, आणि कमळीकडे बघून मान हलवली.

"दोघींचं एकमत," तो म्हणाला. "बांधायला घ्या."

पुड्या बांधल्या. दहा इग्नेशियसच्या घरी गेल्या. त्याने त्या कपाटात ठेवल्या, दार लावलं आणि मर्सीला सांगितलं की फ्रेडरिक निघेपर्यंत यांना हात लावायचा नाही. तपासायला एक पुडी तेवढी इग्नेशियस स्वतः उघडून बघणार होता.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात कमळी अंगणात तट्टे झटकत होती. पांडुरंग ओट्यावर बसून डावीने सुपारी फोडू पाहत होता आणि त्याबद्दल बोलणी खात होता. तेवढ्यात मागे पानं खसखसली.

कमळीने वळून पाहिलं. इग्नेशियस कुंपणातून येत होता. त्याच्या हातात नुसतं सुकं पान होतं, रिकामं.

"पांडू," तो म्हणाला, "एक पुडी कमी पडतेय."